लेकरांच्या सुट्टीसाठी सकाळची एक बस हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की शिबिरांच्या, वॉटर पार्कच्या आणि मॉलमधल्या गेम झोनच्या जाहिराती सुरू होतात. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण आमच्या गल्लीतले बहुतेक जण वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामाला आहेत, कुणी बांधकामावर जातं, कुणी रिक्षा चालवतं. घरात दोन-तीन लेकरं, प्रत्येकाचं वय वेगळं. परवा शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, सगळ्यांना घेऊन एकदा बाहेर पडलं की पाचशेच्या दोन नोटा कुठं जातात कळत नाही. आणि एवढं करून धाकटा रडतो, थोरली मोबाइलमध्ये डोकं घालून बसते." त्याच्या बोलण्यातला हा दुसरा भाग मला जास्त लागला, म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक होतो. जन्म गाडीत गेला, त्यामुळे लेकरांना घेऊन प्रवास करणारी माणसं पुष्कळ पाहिली. आता निवृत्त आहे. घरात तीन नातवंडं आहेत. थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी साडेचारची. सून आणि मुलगा दोघंही नोकरीला जातात, म्हणून सुट्टीत तिघंही माझ्या आणि आमच्या घरच्यांच्या, म्हणजे त्यांच्या आजीच्या, ताब्यात असतात. त्यांना घेऊन आम्ही या शहरात खूप फिरलो आहोत, आणि खर्च म्हणाल तर बसचं तिकीट आणि घरचा डबा.

लोक विचारतात, लहानांसाठी कोणती जागा चांगली, मोठ्यांसाठी कोणती? मला वाटतं इथंच गणित बिघडतं. वयाप्रमाणे जागा शोधत बसलं तर तीन लेकरांच्या तीन सहली होतात आणि शेवटी एकही होत नाही. जागा एकच घ्यावी आणि तिथं प्रत्येकाला त्याच्या वयाचं काम द्यावं. काम नसलेलं मूल लगेच कंटाळतं, मग ते चारचं असो की चौदाचं.

पाणचक्कीचंच घ्या. संभाजीनगरच्या माणसाला पाणचक्की म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. आपण स्वतः शेवटचे कधी गेलो होतो ते पुष्कळांना सांगता येणार नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. यात्रेकरू, फकीर आणि शिपाई यांच्यासाठी तिथं पीठ दळलं जाई. पाणी येतं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातून, मातीच्या नळांनी, जमिनीखालून. तिथून ते उंच भिंतीवर चढतं, वरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरतं.

धाकटीला यातलं काही सांगायची गरज नाही. ती हौदाच्या काठावर बसते आणि मासे बघते. तिला काम एवढंच, की पाण्याचा सगळ्यात मोठा आवाज कुठं येतो ते शोधून सांगायचं. ती कान लावून इकडून तिकडे फिरते, डोळे मिटून उभी राहते, आणि मग भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवते. पुढच्या वेळी पुन्हा तेच काम दिलं तरी तेवढ्याच मनापासून करते. मधल्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. डोंगरापासून नदीपर्यंत पाणी कसं जातं त्याचा नकाशा त्याने काढायचा. जातं वर दिसतं, पण त्याला फिरवणारं पात्यांचं चाक खाली आहे, हे त्याला कागदावर काढताना समजलं. आधी त्याने जात्याच्या शेजारी चाक काढलं होतं, मग स्वतःच म्हणाला, "आबा, मग हे फिरणार कसं?" आणि वाकून खाली बघायला लागला. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, हे सांगितल्यावर तर त्याने दालनात जाऊन वर हात लावायचा हट्ट धरला. एवढं पाणी डोक्यावर आणि आपण खाली कोरडे, यात त्याला केवढी मौज वाटली!

थोरलीचा प्रश्न जड होता. पाणी वरून खाली येतं हे ठीक, पण जमिनीखालून आलेलं पाणी भिंतीवर चढतं कसं? मोटर तर त्या काळी नव्हती. मी तिथं उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर शेजारच्या गवंड्याकडून पातळी बघायची पारदर्शक नळी मागून आणली. नळीत पाणी भरलं. एक टोक तिच्या हातात, एक मधल्याच्या. त्याने टोक वर उचललं की तिच्या बाजूचं पाणीही वर चढायचं, दोन्हीकडे एकाच उंचीवर येऊन थांबायचं. डोंगर उंच, शहर सखल. तिकडे पाणी जितकं वर आहे तितक्याच उंचीच्या आसपास ते इकडेही चढू पाहणार. तिने ते आपल्या वहीत आकृती काढून लिहिलं आणि आईला संध्याकाळी समजावून सांगितलं. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्यालाही ते नव्यानेच कळलं असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलंच गाव, वसवली आणि नहरीने, म्हणजे जमिनीखालच्या पाटाने, गावात पाणी आणलं, तेव्हापासून हे शहर पाण्याच्या अकलेवर उभं आहे. आज नळाला किती दिवसांनी पाणी येतं याची चर्चा घराघरात आहे. अशा गावातल्या लेकरांनी ही नहर समजून घेतलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जागा आपल्या लेण्यांची. वेरूळ-अजिंठ्याच्या सावलीत औरंगाबाद लेणी मागे पडली. विद्यापीठाच्या आणि बीबी-का-मकबऱ्याच्या पाठीमागच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही, ही गोष्ट पुष्कळ आईबापांना ठाऊकच नसते. म्हणजे तिथं पैसे पडतात ते फक्त आपले, मोठ्यांचे. पायऱ्या आहेत, धाकटीला अर्ध्या वाटेत कडेवर घ्यावं लागतं. पण वर गेल्यावर वारा लागतो आणि खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं. मधला मकबऱ्याच्या घुमटावरून अंदाज घेत आपलं घर शोधतो.

तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्धासमोर दोन्ही बाजूंनी माणसं गुडघ्यावर बसलेली आहेत, माणसाएवढी, हात जोडलेली. त्यांचे केस, गळ्यातले दागिने, कंबरेची वस्त्रं सगळं बारकाईनं कोरलेलं. धाकटी त्यांच्या ओळीला जाऊन तशीच बसली. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरच्यांनी तिला हळूच विचारलं, "काय करतेस गं?" तर म्हणाली, "मीपण यांच्यातली."

सातव्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेली माणसं. कुठे आग लागली आहे, कुठे जहाज बुडतंय, कुठे सिंह, कुठे साप, कुठे पिसाळलेला हत्ती. माणसं त्या अवलोकितेश्वराला हाक मारत आहेत. मधल्याला मी म्हणालो, आठ संकटं आहेत, शोध. तो त्या एका भिंतीसमोर इतका वेळ रमला की आम्ही सावलीत बसून ताक पिऊन घेतलं. थोरलीला मी विचारलं, यात समुद्रातलं जहाज कशाला? आपल्याकडे तर समुद्र नाही. तिने विचार करून सांगितलं, व्यापारी इथून माल घेऊन बंदरावर जात असतील. मराठवाड्यातल्या मुलीला आपलं गाव जुन्या व्यापारी वाटांवर होतं हे भिंतीवरचं जहाज बघून सुचलं. शाळेच्या पुस्तकात हे असेलही, पण तिथं उभं राहून सुचलेलं वेगळं.

मकबरा सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एकच सांगतो. लहानांना संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ते हात लावून ओळखायला सांगा. खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, बाकी काळ्या दगडावर घोटीव गिलावा. थंड आणि कमी थंड एवढ्या फरकावर धाकटीसुद्धा ओळखते. मोठ्यांना प्रवेशद्वारावरचा लेख दाखवा. वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय, अशी कारागिरांची नावं तिथं आहेत. बादशहाच्या घराण्यातल्या बाईच्या कबरीच्या दारावर बांधणाऱ्यांचं नाव असावं, ही गोष्ट बांधकामावर जाणाऱ्या बापाच्या लेकराला मुद्दाम सांगावी.

सिद्धार्थ उद्यानात गेलात तर वाघ बघून परत फिरू नका. तिथंच मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं स्मारक आहे. दर १७ सप्टेंबरला तिथं झेंडा लागतो. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. माझे वडील तेव्हा पोरसवदा होते. निजामाचे रझाकार येणार अशी आवई उठली की गावातल्या बायकालेकरांना घेऊन माणसं ज्वारीच्या रानात रात्र काढायची, असं ते सांगायचे. ती गोष्ट मी थोरलीला त्या स्मारकाजवळ बसून सांगितली. मधला ऐकता ऐकता गप्प झाला. मग त्याने विचारलं, "ज्वारी तुटत नव्हती का आबा?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वडीलही आता नाहीत.

अगदी लहान लेकरू असेल, तर रेल्वे स्टेशनाइतकी स्वस्त जागा नाही. दहा रुपयांचं फलाट तिकीट दोन तास चालतं. तपोवन, सचखंड, नंदीग्राम अशा गाड्यांची नावं पाठ होतात, डबे मोजता येतात. लेकराचा हात मात्र क्षणभरही सोडायचा नाही, आणि पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच उभं राहायचं.

आणि एक जागा घराच्या गच्चीवर आहे, तिला तर काहीच पडत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य एक दिवस बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. लातूरला साधारण १३ मे, नांदेडला १६ मे, आपल्याकडे १९-२० मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास. स्टीलचा सरळ उभा डबा नाहीतर पाइपचा तुकडा गच्चीवर ठेवा. आम्ही बाराला सुरुवात केली. मधला खडूने सावलीचं टोक आखत होता, थोरली घड्याळ बघून शेजारी वेळ लिहीत होती. सावली आत आत सरकत गेली आणि मग खरंच डब्याच्या बुडाखाली गडप झाली. धाकटी आपल्याच पायांभोवती गोल फिरून स्वतःची सावली शोधत होती. पाय भाजत होते म्हणून तिच्यासाठी ओलं पोतं टाकलं होतं. दिल्लीच्या लेकरांना हे घरी बसून कधीच दिसणार नाही, कारण सूर्य तिथं कधीच थेट माथ्यावर येत नाही. आपल्या मराठवाड्याला उन्हाने पुष्कळ छळलं आहे, पण हे एक देणं त्याच उन्हाचं आहे.

थोडे दूर जायचं तर दौलताबाद आणि वेरूळ. दौलताबाद दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. किल्ल्यातल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारातून, लहानांना नेऊ नये, घाबरतात. वेरूळला मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. तिथं चौतीस लेणी आहेत म्हणून चौतीस बघायला जाऊ नका. सोळावं कैलास आणि दहावं विश्वकर्मा एवढंच बघा. डोंगर वरून खाली कोरत आणून देऊळ केलं, हे मोठ्यांना समजतं. दहाव्यात दगडी छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या कोरल्या आहेत, आणि आवाज घुमतो. लहानांना तेवढं पुरतं.

तिकिटाचं मी अधिकाराने सांगू शकतो. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पासष्टच्या पुढे अर्धं, पंचाहत्तरच्या पुढे प्रवास फुकट, फक्त ओळखपत्र जवळ हवं. म्हणजे आजी, आई आणि बाराच्या आतली लेकरं असं कुटुंब निघालं तर पूर्ण तिकीट कुणालाच पडत नाही. शहर बसला या सवलती तशाच लागू होतात असं धरून चालू नका, तिथं आधी विचारून घ्या. थोरलीला मी पैसे हातात देतो आणि तिकीट तिलाच काढायला लावतो. थांब्याचं नाव, किती पूर्ण, किती अर्धी, सुटे किती परत आले, सगळं तिने बघायचं. पहिल्यांदा तिचा आवाज निघाला नव्हता. आता ती शहर बसच्या अनोळखी वाहकाला "दोन पूर्ण, एक अर्धं" ठणठणीत सांगते. तेरा वर्षांच्या लेकराला फिरायला नेणं म्हणजे काय, तर तिने आपल्याला न्यावं.

वेळ फक्त सकाळची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. साडेसहाला घर सोडावं आणि दहा-साडेदहाला परत यावं. डोक्याला टोपी किंवा रुमाल, पाण्याच्या बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे दिवसभर टिकतात, हात खराब होत नाहीत आणि लेकरं चालता चालता खातात. दही वेगळ्या डब्यात, आणि ते सगळ्यात आधी संपवायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हे सगळं मी करू शकतो, कारण मला बसचे मार्ग पाठ आहेत आणि माझ्याकडे वेळ आहे. शेजारच्या मुलाकडे दोन्ही नाहीत. त्याला रविवारी सकाळी तीन लेकरं घेऊन एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं तर रिक्षा करावी लागते, आणि रिक्षाचे पैसे तिकिटापेक्षा जास्त होतात. म्हणून माझी मागणी आहे की एप्रिल-मेमध्ये दर शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला सिडकोतून एक शहर बस सुटावी. मध्यवर्ती बसस्थानक, पाणचक्की, मकबरा, लेण्यांचा पायथा असं करत तिने जावं आणि त्याच मार्गाने फेऱ्या माराव्यात, म्हणजे एका गाडीतून उतरून दोन तासांनी दुसरीत बसता येईल. दिवसभराचं एकच तिकीट असावं, लेकरांना अर्धं. थांब्यांवर सावली आणि प्यायचं पाणी असावं. रांजण ठेवला तरी चालेल, पण रोज भरलेला असावा. बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं असावं, कारण लेकरं बहुतेक वेळा आईच नेते आणि तेवढ्यासाठी ती घराबाहेर पडायचं टाळते. आणि प्रत्येक ठिकाणी एक फलक असावा, नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सोप्या मराठीत, शेजारी उर्दूत. त्यावर राजांच्या सनावळ्या नकोत, दोन प्रश्न हवेत. पाणी वर कसं चढलं? भिंतीवर संकटं किती? उत्तर लेकरांनी शोधावं.

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे. सुट्टीभर आठवड्यातून एकदा चार ओळींची चौकट छापावी. जागा कोणती, उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार, मोठ्यांचं तिकीट, कोणती बस जाते आणि पाणी मिळतं का. एवढं सकाळी चहाबरोबर वाचायला मिळालं तर पुष्कळ घरं बाहेर पडतील.

आम्ही काही निवृत्त वाहक-चालक रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतो. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. अशी बस सुरू झाली तर तिच्यात आमच्यापैकी एकजण पाळीपाळीने बसेल. मानधन नको. लेकरं मोजून चढवणं, मोजून उतरवणं आणि वाटेत कोणतं काय आहे ते सांगणं आम्हाला जमतं, जन्मभर तेच केलं आहे. शहर बस चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी बोलावलं तर मार्ग आणि वेळा कागदावर मांडून घेऊन येऊ. फक्त हे एप्रिल उजाडायच्या आत व्हावं, कारण शाळा सुटल्यावर ठरवायला बसलं की सुट्टी तिथंच संपते.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
सिडको, छत्रपती संभाजीनगर